तिसऱ्या बेसमागची बिअर

टू फोर्क्स, मिनेसोटा
९ मार्च २०१४

प्रिय कॅझमामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तू "काय?" म्हणतोस, म्हणून पत्रच बरं. एक्केचाळीस वर्षं बेसबॉलच्या स्टेडियममध्ये "बिअर! थंडगार बिअर!" ओरडत फिरलास, त्याचं हे बक्षीस.

बातमी मोठी आहे, खाली बसून वाच. तुमच्या बेल हार्बरच्या स्टेडियमने आमची बिअर घेतली! म्हणजे सध्या पारखायला घेतली आहे. मे महिन्यात सात सामने, जुलैत सात सामने. आणि बाहेरच्या टपरीवर नाही हं, थेट प्रेक्षकांत, एका फेरीवाल्याच्या गळ्यातल्या ट्रेमधून. तुमच्याकडे खाण्यापिण्याचं बघतात ना ते ब्रेंट कॉलहून, ते म्हणाले की या चौदा सामन्यांत खपली तर पुढचा अख्खा हंगाम तुमचा. नाही खपली तर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या.

मामा, तुझ्यापाशी काय लपवायचं, आमच्यासाठी हे शेवटचंच दार आहे. डेल तुला आठवत असेल, आईच्या अंत्यविधीला आलेला मोठ्या दाढीचा, माझा भागीदार. त्याने स्पष्ट सांगितलंय की आणखी एक हिवाळा असा काढता येणार नाही. गावात डोकी साडेतीनशे, आणि त्यांतली निम्मी शिकारीच्या दिवसांतच दुकानात येतात. स्टेडियम मिळालं नाही तर ऑक्टोबरात ब्रुअरीला कुलूप.

पाठवणार आहोत 'फॉगहॉर्न'. सात टक्क्यांची, गढूळ सोनेरी, कडवटपणाला चार जातींच्या हॉप्सची फुलं. धुक्यात बंदरावरचा भोंगा वाजतो ना, तसा पहिला घोट डोक्यात वाजतो. तू विकतोस त्या हार्टविग बिअरच्या पिवळ्या पाण्याचे दिवस भरले म्हणून समज!

एकच विनंती. तू माझा मामा आहेस हे ब्रेंटना कळू देऊ नकोस आणि मध्येमध्ये करू नकोस. वशिल्याने आत शिरली असं कुणी म्हणायला नको. आमची बिअर स्वतःच्या पायांनी चालली पाहिजे.

तुझी ट्रूडी


बेल हार्बर, विस्कॉन्सिन
१८ मार्च २०१४

ट्रूडीबाई,

पत्र मिळालं. खाली बसूनच वाचलं, कारण हल्ली गुडघे उभं राहू देत नाहीत. अभिनंदन. तुझी आई, आमची इरेना, असती तर अख्ख्या गल्लीला सांगत सुटली असती.

मध्येमध्ये करणार नाही, तोंडही उघडणार नाही. मात्र पत्रात तोंड उघडायला बंदी घातलेली नाहीस, तेव्हा ऐक. तुझी फॉगहॉर्न मी नाताळात प्यायलो होतो. चांगली होती. एक ग्लास प्यायलो आणि तुझ्या सोफ्यावर झोपलो. सोफ्यावर झोपणं ठीक आहे, पण स्टेडियमात माणूस नऊ इनिंग, चांगले तीन तास, जागा राहायला आलेला असतो, वर डोक्यावर जुलैचं ऊन, हातात मोहरी लावलेलं सॉसेज. त्याला हलकी, स्वच्छ, गार बिअर लागते. तू ज्याला पिवळं पाणी म्हणतेस, त्यात त्या पाण्याचाच मोठा गुण आहे.

आमची पद्धत तुला ठाऊक असावी म्हणून सांगतो. दारं उघडण्याच्या तासभर आधी आम्ही सगळे फेरीवाले तळघरात रांगेने उभे राहतो. नोकरी ज्याची जुनी त्याचं नाव आधी. नाव पुकारलं की ज्याने त्याने काय विकायचं ते निवडायचं. बिअर, सोडा, शेंगदाणे, शेवटी जो उरेल त्याच्या नशिबी साखरेचा कापूस. आम्हाला विकल्या मालावरच कमिशन मिळतं, म्हणून रांगेत कोण पुढे याला फार किंमत. गेली एकोणीस वर्षं पहिलं नाव माझं आहे आणि एकोणीस वर्षं मी एकच शब्द उच्चारतो, 'हार्टविग'. हार्टविग म्हटलं की विकायला लागत नाही, नुसती वाटायला लागते. माझ्या मागचा रेजी टिबॉडो माझ्या मरणाची वाट बघतोय ती त्यासाठीच.

तेव्हा तुझी बिअर उचलणारा कुणीतरी शेवटचा गडी असेल. त्याच्याशी नीट वाग.

मामा


टू फोर्क्स
२ एप्रिल २०१४

मामा,

तुझं पत्र डेलला वाचून दाखवलं. तो हसला, मला हसू आलं नाही.

मोठ्या कंपनीचा माल एक्केचाळीस वर्षं गळ्यात घालून फिरलं की माणूस त्या कंपनीचाच होतो, नाही का? तू म्हणतोस लोकांना हलकी लागते. अरे, त्यांना दुसरं काही दिलंय कुणी? जन्मभर पांढरा पाव खाल्लेल्याला विचारायचं, पाव कसला आवडतो! एकदा चाखू दे त्यांना, मग बघ. मी एका ग्लासासाठी बारा दिवस घालवते. तुझे हार्टविगवाले तासाला डबे किती भरतात ते मोजतात.

रागावू नकोस. पण तू आमच्या बाजूने नाहीस याचं वाईट वाटलं. तेवढं सांगितलं.

ट्रूडी


बेल हार्बर
२७ मे २०१४

ट्रूडी,

पहिले सात सामने झाले. आपला संघ पाच हरला, पण त्याचा दोष बिअरला देता येणार नाही.

मी दुरून जे पाहिलं ते सांगतो. तुझी बिअर वाहणारा माणूस तिसऱ्या बेसमागे, नऊ नंबरच्या भागात होता. खालपासून वरपर्यंत बेचाळीस पायऱ्या. तो वर पोहोचून कॅन फोडायचा तेव्हा तुझी फॉगहॉर्न उसळून बाहेर यायची. अर्धा ग्लास फेस. आमच्याकडे ग्लास हातोहात जातो हे तुला माहीत आहे, कडेच्या माणसाकडून आतल्या आठव्यापर्यंत. पहिल्याच दिवशी तो फेस मिसेस ओपिट्झच्या वहीवर सांडला. ती तीस वर्षं प्रत्येक सामना पेन्सिलीने टिपून ठेवते. ती काय म्हणाली ते लिहीत नाही, पाद्रीबाबाच्या सूनबाईच्या तोंडी शोभण्यासारखं नव्हतं.

दुसरं असं की लोक विचारतात, "कसली आहे? कडू आहे का? कशासारखी लागते?" मग त्या माणसाला तिथेच उभं राहून सांगावं लागतं. दोन चेंडूंच्या मध्ये आम्हाला फार तर वीस सेकंद मिळतात. तो हॉप्सच्या चार जाती सांगेपर्यंत मागून ओरडा, "ए खांबा, खाली बस!" एकदा तर त्याच्यामुळे सोळा लोकांचा होमरनचा फटका पाहायचा राहिला.

ज्यांनी घेतली त्यांतल्या काहींना ती फार आवडली, हेही खरं आहे. एका तरुण जोडप्याने पाचव्या इनिंगपर्यंत तीन तीन घेतल्या आणि सहाव्यात एकमेकांच्या खांद्यावर झोपले.

मामा


टू फोर्क्स
३ जून २०१४

मामा,

ब्रेंटचा अहवाल आला. इतकी कमी विक्री झाली आहे की मी आकडा लिहीत नाही.

पण कारणही कळलं. आमची बिअर त्यांनी एका म्हाताऱ्या फेरीवाल्याकडे दिली होती! पायरी पायरीवर थांबतो म्हणे. आणि वर गिऱ्हाइकांना सांगतो, "सावकाश प्या, हिच्यात जोर आहे." विकणारा माणूस असं बोलतो का? माझं सगळं आयुष्य त्या ट्रेमध्ये होतं आणि तो ट्रे कुणाच्या गळ्यात, तर ज्याला जिना चढवत नाही त्याच्या!

मी सरळ ब्रेंटना पत्र लिहिलं. जुलैला आम्हाला तरुण, चपळ माणूस द्या, हा माणूस नको. तू तिथेच असतोस, तुला तो ठाऊक असेल. मला आधी सांगायचं होतंस.

डेलने त्याच्या आधीच्या कारखान्यात नोकरीसाठी विचारून ठेवलंय. मला न सांगता.

ट्रूडी


बेल हार्बर
११ जून

मिस ट्रूडी हास यांस,

मी रेजी टिबॉडो. कॅझच्या मागचा नंबर दोन. पत्ता त्याच्या पाकिटावरून चोरला. मी लिहितोय हे त्याला माहीत नाही आणि कळलं तर तो मला शेंगदाण्याच्या पोत्यात भरून तळ्यात टाकेल.

तो म्हातारा फेरीवाला म्हणजे तुझा मामा आहे, बाई.

मे महिन्यात पहिल्या दिवशी तळघरात नाव पुकारलं, "ड्रुशिन्स्की, कॅझिमिर." आम्ही सगळे त्याच्यासोबत कोरसमध्ये "हार्टविग" म्हणायला तोंड उघडून तयार. आणि हा म्हणतो, "फॉगहॉर्न." खाली अशी शांतता पसरली की बर्फ वितळताना ऐकू येत होता. मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी हार्टविग उचलली, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आणि सात दिवस राजासारखं कमावलं. तो सात दिवस फेस पुसत होता.

मी विचारलं, का रे? तर म्हणाला, "शेवटच्या गड्याच्या हाती लागली तर तो ती जिन्याखाली ठेवून झोपेल. निदान मी बेचाळीस पायऱ्या तरी चढवीन." तुझं नाव त्याने घेतलं नाही. पण पाकिटं मी बघतोच की.

काल ब्रेंटने त्याला बोलावून तुझं पत्र दाखवलं. कॅझने चष्मा लावला, दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "पोरीचं बरोबर आहे, तरुण माणूस द्या." ब्रेंटला अजून पत्ता नाही की पोरगी कोण.

माझी आजी म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं. तुझी बिअर मी चाखली. मस्त आहे. पण ती जिना चढायला बनवलेली नाही, यात म्हाताऱ्याचा काय दोष?

रेजी


टू फोर्क्स
१६ जून २०१४

मामा,

मला सगळं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस.

चार वेळा हे पत्र सुरू केलं आणि फाडलं. मला लाज वाटते आहे, मामा. आई गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात दर रविवारी सहा तास गाडी चालवून तू माझ्याकडे यायचास आणि नुसता बसून राहायचास. त्या माणसाला मी "तू आमच्या बाजूने नाहीस" असं लिहिलं. मला माफ कर. दुसरे शब्द सापडत नाहीत.

ब्रेंटना मी फोन केला. पहिलं पत्र मागे घेतलं आणि तू माझा मामा आहेस हेही सांगून टाकलं. ते म्हणाले, "तरीच त्यांनी हार्टविग सोडून ही उचलली."

काल मी एक गोष्ट केली. फॉगहॉर्नचे चोवीस कॅन आणि बर्फ ट्रेमध्ये भरला, पट्टा गळ्यात अडकवला आणि इथल्या दीपगृहाचा जिना चढले. उतरले, पुन्हा चढले. डेल खाली उभा राहून ओरडत होता, "खांबा, खाली बस!" तिसऱ्या फेरीला वर जाऊन कॅन फोडला तर माझा शर्ट, केस, दीपगृहाची खिडकी, सगळ्यांनी फॉगहॉर्न प्यायली. आणि ते ओझं! मानेवर वळ उठले आहेत. मी चौतीस वर्षांची आहे. तू सदुसष्ट.

पाच वर्षं बिअर बनवते आहे, पण ती मी कायम टेबलामागे उभी राहून दिली. माणूस समोर बसलेला, त्याला वेळच वेळ, मी हॉप्सबद्दल सांगणार आणि तो ऐकणार. याच्याबाहेर बिअर कशी प्यायली जाते ते मी कधी बघितलंच नाही.

जुलैच्या सामन्यांना महिना आहे. मामा, कशी बनवू ते सांग. या वेळी मी वशिला मागते आहे.

ट्रूडी


बेल हार्बर
२१ जून २०१४

ट्रूडीबाई,

माफी वगैरे पुरे. रेजीचं अक्षर मी ओळखतो आणि तो माझ्या कोटाच्या खिशाशी खेळत होता तेही पाहिलं होतं. त्याला तळ्यात टाकायचं होतं, पण गुडघ्यांमुळे रद्द केलं.

तुझं पत्र ब्रेंटने दाखवलं तेव्हा मला लागलं. लागलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्याच रात्री वाटलं, मीही काही कमी नाही. 'तुझी बिअर वाहणारा माणूस' असं लिहून तुला बनवत बसलो. सरळ सांगितलं असतं तर तू तेव्हाच ऐकलं असतंस. बहुधा नसतंस.

आता कामाचं. तू एकदा विचारलंस, लोकांना दुसरं काही दिलंय का कुणी. त्यावर मी बरेच दिवस विचार केला. सामना संपला की आम्ही रिकामे ट्रे घेऊन रांगांमधून खाली येतो. खुर्च्यांखाली ग्लास पडलेले असतात आणि जवळपास प्रत्येकात तळाला दोन बोटं हार्टविग उरलेली असते. कोमट झाली की ती पिववत नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. एक्केचाळीस वर्षं पाहतोय, पण कंपनीचा एकही माणूस मला विचारायला आला नाही की कॅझ, लोक तळाशी काय टाकून देतात? तू विचारलंस म्हणून सांगतोय.

तेव्हा अशी बनव. पहिला घोट न सांगता कळला पाहिजे. चार टक्क्यांच्या वर जाऊ नकोस. फेस शहाणा हवा, पायऱ्यांना न भिणारा. आणि दोन इनिंग हातात धरून कोमट झाली तरी शेवटचा घोट प्यावासा वाटला पाहिजे. हे शेवटचं हार्टविगला जमत नाही. तुला जमेल, कारण तू एका ग्लासासाठी बारा दिवस घालवणारी बाई आहेस.

नाव साधं ठेव. भोंगा मी स्वतःच आहे.

मामा


टू फोर्क्स
१४ जुलै २०१४

मामा,

ट्रक उद्या निघतोय. पी हळद नि हो गोरी, असं बिअरचं होत नाही, पण तीन आठवड्यांत जेवढं होतं तेवढं केलं. पहिला घाणा फेकून दिला, पातळ झाला होता. दुसऱ्याला बार्ली थोडी जास्त भाजलेली घातली, त्याने तळाच्या घोटाला पावाच्या कडेसारखी चव आली. हॉप्स एकाच जातीचे. वायू कमी भरला आणि थंडीत जास्त दिवस ठेवली, म्हणून ती आता नितळ आहे. मी! नितळ बिअर! डेल म्हणतो की आता हार्टविगवाल्यांसारखी दाढी काढून टाकावी लागणार.

दीपगृहाचा जिना सहा वेळा चढले. फेस दोन बोटं, ग्लासाच्या आत. मग खिडकीत ग्लास ठेवून रेडिओवर तुमचा सामना ऐकत बसले. दोन इनिंग झाल्यावर प्यायले. संपवली.

नाव ठेवायला वेळ मिळाला नाही. कॅनवर नुसतं 'बेल हार्बर' लिहिलंय. आणि खरं सांगू? आजवर बनवलेल्यांत ही सगळ्यांत कठीण होती. हिच्यात चूक लपवायला जागाच नाही. हार्टविगवाल्यांना मी जन्मभर हसले, आता थोडं कमी हसेन.

तू हिला उचल किंवा उचलू नकोस. गुडघे नको म्हणत असतील तर अजिबात नको. डेलने त्या नोकरीला दोन आठवड्यांनी कळवतो म्हणून सांगितलंय. तेवढे दोन आठवडे आहेत आपल्याकडे.

ट्रूडी


बेल हार्बर
२५ जुलै २०१४

ट्रूडी,

नीट सगळं सांगतो, गडबड करू नकोस आणि शेवट आधी वाचू नकोस.

पहिल्या दिवशी मी तुझीच उचलली. तळघरात रेजीने छातीवर क्रुसाची खूण केली. वर गेलो, पहिला कॅन फोडला. फेस आतल्या आत राहिला. पहिला ग्लास हातोहात आठव्या माणसापर्यंत गेला आणि एक थेंब सांडला नाही. मिसेस ओपिट्झने मला बघताच वही पोटाशी धरली होती. मी तिला एक फुकट दिला, मागच्या वहीची भरपाई म्हणून. तिने घोट घेतला, पेन्सिल उचलली आणि सामना टिपायला लागली. मला वाटलं, झालं, गेली ही पण.

चौथ्या इनिंगला तिने मान न वळवता हात वर केला. एक बोट.

दुसऱ्या दिवशी मला बेचाळीस पायऱ्या सात वेळा चढाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी दहा. रात्री गुडघ्यांवर बर्फ ठेवून झोपलो, पण झोप लागली. लोक "कसली आहे?" विचारेनात. "एक इकडे दे" एवढंच. खाली येताना खुर्च्यांखाली बघत होतो, ग्लास कोरडे. सहाव्या दिवशी सातव्या इनिंगच्या आधीच, विक्री थांबायची वेळ होण्यापूर्वी, माल संपला. नऊ नंबरवाले मला शिव्या घालत होते आणि मी कान बहिरे असल्याचा फायदा घेत होतो.

काल शेवटचा सामना. दुपारी ब्रेंटने मला वर काचेच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर कागद लावले होते, त्यांतलं मला काही कळलं नाही. तो म्हणाला, "कॅझ, पुढच्या वर्षी सगळा हंगाम. नऊमध्येच नाही, चार भागांत. तुमच्या भाचीला मी उद्या फोन करतो." उद्या म्हणजे आज, तेव्हा फोन आला असेल. नसेल आला तर ही बातमी आधी माझ्याकडून कळली आणि मला त्याचा आनंद आहे. डेलला सांग, कारखान्याला नको म्हणून कळव. दाढीबद्दल त्याचं तो बघू दे.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचंच. वरून खाली उतरायला मला वेळ लागला. तळघरात पोहोचलो तर नावं पुकारायला नुकतीच सुरुवात झाली होती. माझ्या नावाला कुणी ओ दिली नाही म्हणून पुढचा नंबर आधी. आणि रेजी, एकोणीस वर्षं माझ्या हार्टविगवर डोळा ठेवून बसलेला रेजी, हार्टविग समोर मोकळी पडलेली असताना तुझी बिअर गळ्यात घालून उभा होता!

मी म्हटलं, "ए चोरा, ती माझी आहे."

"नियम म्हणजे नियम, म्हाताऱ्या," तो म्हणाला. "उशीर केलास. आणि मला घरी चार तोंडं आहेत. जे खपतं ते मी उचलणार."

मी भांडलो. तो हलला नाही. मागचे पोरगे हसत होते. शेवटी एकोणीस वर्षं जी मागून घेतली ती हार्टविग मला काल उरलीसुरली म्हणून मिळाली.

नऊमध्ये गेलो. मिसेस ओपिट्झने एक बोट वर केलं. मी हार्टविग ओतून पुढे केली. तिने ग्लासाकडे बघितलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"हे काय आहे, कॅझ?"

"हार्टविग. तीस वर्षं हीच प्यायलीस की."

"मग तीस वर्षं झाली ना," ती म्हणाली. "रेजी कुठे आहे? त्याला पाठव, आणि तू जरा बाजूला हो, दिसत नाहीये."

माझ्याच भागात, माझ्याच गिऱ्हाइकाने मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि ट्रूडी, मी तिथे उभा राहून लहान मुलासारखा रडलो. लोकांना वाटलं संघ हरतोय म्हणून. मग तोंडाभोवती हात धरून रेजीला हाक मारली.

डॉक्टर हिवाळ्यात गुडघ्याचं बघणार आहेत. एप्रिलमध्ये मी तळघरात सगळ्यांच्या आधी हजर असेन. पहिला नंबर अजून माझाच आहे, आणि काय मागायचं ते मी ठरवून ठेवलंय.

मामा